पाच फोन

रात्री साडेअकराला हर्षालीचा मेसेज:
इस्तंबूलला उतरले. पुढचं विमान उद्या दुपारी.
मी देवगडात, पडवीच्या दिव्याखाली
बोटांवर तास मोजते. सोळा.
तिच्याकडे आत्ता कुठे नऊ वाजलेत,
म्हणजे रात्र अख्खीच शिल्लक.

मग फोटो आला. नुसती फरशी,
तिच्यात दिव्यांच्या रांगा उलट्या लटकलेल्या,
कोपऱ्यात तिचे मोजे घातलेले पाय
आणि घोट्याभोवती दोनदा गुंडाळलेला बॅगेचा पट्टा.
ती गाठ तिच्या बापाची.

पाण्याची बाटली तीनशे साठ रुपये, तिने लिहिलं.
ऐकून बाप अंथरुणात उठून बसला.
"त्या पाण्यात काय आसा?" म्हणाला,
आणि कूस बदलून झोपला.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस.
परक्या जागी थांबणं म्हणजे त्याच्या लेखी नांगर टाकणं,
आणि नांगर धरला की माणसाने झोपायचं असतं.
मला नांगराचं काय ठाऊक.
मी कायम किनाऱ्यावरची.

थंडी आहे का? आहे.
शेजारी कोण? एक बाई, निळा रुमाल बांधलेली,
दोन पोरं तिच्या अंगावर झोपलीत.
जेवलीस? त्याचं उत्तर नाही.
दीडला फोन केला. वाजला.
दोनला केला. वाजला, वाजून थांबला.
अडीचला करताना मला ते पाच फोन आठवले.

त्या वर्षी वादळाच्या भीतीने परक्या होड्या बंदरात शिरल्या होत्या.
शे-दीडशे, पार दक्षिणेकडच्या,
नाळेवर वाचता न येणारी नावं,
एकमेकींना इतक्या घासून उभ्या
की त्यांच्यावरून चालत खाडी ओलांडावी.
दुसऱ्या संध्याकाळी एक पोरगा दारात, निथळत.
प्लास्टिकच्या पिशवीत पाच फोन, पाच वायरी.
बोलायला भाषा नव्हती. त्याने भिंतीतल्या बटणाकडे बोट केलं.
मी मिक्सरची वायर काढली.

फोन जिवंत झाले, तसे वाजायला लागले.
एक थांबला की दुसरा.
एकावर कसलंसं भजन,
एकावर लहान मुलाचं हसू, रेकॉर्ड केलेलं,
तेच हसू, पुन्हा तेच.
पडद्यावर गोल गोल अक्षरांची नावं,
सुपातून वाटाणे सांडावेत तशी.
हर्षाली तेव्हा नववीत. म्हणाली, आई, एक तरी उचल ना.
उचलून काय सांगू?
तुमचो माणूस आसा, पेज जेवलो, बरो आसा?
कुठल्या भाषेत सांगू?
रात्रभर मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले,
हात आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून.

सकाळी पोरगा पिशवी घेऊन गेला.
उंबऱ्यावर एक नारळ ठेवून गेला.
आमच्या परड्यात सतरा माड,
तरी तो नारळ महिनाभर माझ्याने फोडवला नाही.

बंदरात पहिलं इंजिन धडधडलं तेव्हा मेसेज आला.
झोपले होते गं. फोन तिकडे भिंतीला लावलेला.
रुमालवाली खुणेने सांगत होती, सारखा वाजत होता.
मग उचलला नाही तिने?
ती का उचलेल, आई?

बरोबर. ती का उचलेल.
चुलीवर चहा ठेवला. बापाला हाक मारली.
तो म्हणाला, "बघ, मी सांगलंय ना."
काही सांगितलं नव्हतं त्याने.

मी लिहिलं, डब्यातली खोबऱ्याची वडी दे तिच्या पोरांना.
बरं.
थोड्या वेळाने पुन्हा लिहिलं,
फोन वाजत होता तेव्हा तिचे हात कुठे होते?
म्हणजे?
काही नाही. वडी दे.